रंगाचं टाकं

पुष्पलता परसात आली तर सातही मासोळ्या पोट वर करून टाक्यातल्या पाण्यावर तरंगत होत्या. दुसऱ्यांदा.

"झालं!" तिच्या मागूनच रुखमाबाईचा आवाज आला. "मी म्हणतच होती. सूनबाईच्या नजरेपुढं मासोळी जगत नाही, मग पोर कुठून जगन?"

"आई, तू चूप बस वं!"

ओसरीत बाजेवर पडलेल्या चंद्रकलेनं सगळं ऐकलं आणि भिंतीकडे कूस वळवली. तिला पाचवा महिना लागला होता. आधीची दोन गेली होती. एक पोटातच, एक जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी.

टाकं पुष्पानं वहिनीसाठीच सजवलं होतं. रामदासपेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, हिला पडून राहू द्या, हिचं मन रमवा. पण पाचपावलीतल्या त्या परसात मन रमावं असं होतं तरी काय? एक जामाचं झाड, एक विहीर आणि बाबांचं रंगाचं टाकं. बाबा तिथे कोष्ट्यांचं सूत रंगवायचे आणि उरलेला रंग विहिरीच्या कडेच्या खड्ड्यात जिरवायचे. ते गेल्याला सहा वर्षं झाली होती. टाकं तेव्हापासून कोरडंच होतं.

नववीत विज्ञानात पहिली आल्यापासून पुष्पाला वाटायचं, आपल्याला येत नाही असं जगात काही उरलंच नाही. तिनं टाकं राखेनं घासलं. तळाशी कन्हान नदीची वाळू अंथरली. मासोळ्यांना लपायला विटांचं घर रचलं. शुक्रवारी तलावावरच्या नत्थूकडून बोटाएवढ्या सात राहू आणल्या. त्या दुपारी वहिनी हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा. आणि सकाळी बघतात तो सगळ्या मेलेल्या.

"टाक्याले जुना रंग असन पोरी," नत्थू म्हणाला होता. "अजून घास."

तिनं अजून घासलं, बोटांची सालं निघेस्तोवर. पुन्हा विहिरीतून चाळीस बादल्या शेंदल्या, पुन्हा सात मासोळ्या सोडल्या. आणि आज हे.

पुष्पानं बादली उचलली तशी रुखमाबाई विहिरीपुढे आडवी उभी राहिली.

"बस झालं. वैशाखात विहीर तळाले गेली. जे पाणी हाय ते चंद्रकलेले लागते."

सगळं घर गल्लीतल्या नळाचं पाणी प्यायचं. पण पोटुशी सून मात्र घरच्या विहिरीचंच. हे सासूच्या सासूपासून चालत आलेलं. ह्या विहिरीच्या पाण्यात रंगवलेलं सूत शंभरदा धुतलं तरी रंग सोडत नाही, असं बाबा छातीवर हात ठेवून सांगायचे. मग जे पाणी सुताला रंग सोडू देत नाही, ते आईच्या पोटाला लेकरू कसं सोडू देईल? रुखमाबाई तोंडानं कितीही कडू असली तरी रोज पहाटे स्वतः पाणी शेंदायची, दुहेरी फडक्यानं गाळायची आणि पेला सुनेच्या हातात द्यायची.

"पण दादाच्या वेळेस अन् तेरा वर्षांनी माह्या वेळेस तू दिवस गेल्यापासून उमरेडलेच होती ना, मामाकडं?" पुष्पा म्हणाली. "तिथं कुठं होती ही विहीर?"

"तोंड लय चालते तुह्यं," रुखमाबाई म्हणाली आणि पाठ फिरवून आत गेली.

ठीक आहे. मग नळाचं पाणी! पुष्पा दोन दिवस घागरी वाहत राहिली. नळावरच्या बाया हसल्या, "काय वं पुष्पे, मासोळ्यांचं लगन काढलं काय?"

"हो न! तुम्ही वऱ्हाडात या!"

नळातलं औषध उडावं म्हणून तिनं पाणी दोन दिवस उन्हात ठेवलं, मग नऊ मासोळ्या सोडल्या. दुसऱ्या दिवशी नऊ. आठव्या दिवशीही नऊच. वहिनी टाक्याच्या काठावर बसून मुरमुरे टाकायची आणि मासोळ्या तिच्या बोटांशी झोंबायच्या.

"पाह्य आई, पाह्य! वहिनीच्या नजरेपुढंच जगून राहिल्या!" पुष्पा नाचत ओरडली.

आणि नाचता नाचता थांबली.

टाकं तेच होतं. वाळू तीच, नत्थू तोच, वहिनीही तीच. बदललं होतं एकच.

तिनं गोळ्यांच्या दोन काचेच्या बरण्या धुतल्या. एकीत टाक्यातलं पाणी घेतलं. दुसरीत, आईनं वहिनीसाठी नुकतंच भरून ठेवलेलं पाणी. दोन्हींत एकेक मासोळी सोडली.

"वेडी झाली काय वं? तिच्या पाण्यात मासोळी?" रुखमाबाई धावून आली.

"आई, फक्त पाह्य. काही नको बोलू."

वहिनीच्या हातातला पेला ओठांपाशीच थांबला.

ऊन जामाच्या बुंध्यापर्यंत सरकलं. पहिल्या बरणीतली मासोळी गोल गोल फिरत होती. दुसरीतली आधी मंदावली. मग कलली. मग तिचं पांढरं पोट वर आलं.

चंद्रकलेनं पेला खाली ठेवला आणि दोन्ही हात पोटावर घेतले.

रुखमाबाई विहिरीच्या कठड्याला धरून खाली बसली.

"दोन चंद्रकलेची," ती पुटपुटली आणि तिनं दोन बोटं मिटली.

"अन् माही..." तिसरं मिटलं. चौथं मिटलं. पाचवं मिटल्यावर तिनं दुसरा हात पुढे घेतला.