शेवटच्या दारामागचा चेहरा

सासऱ्यांनी खेळातलं आणखी एक दार उघडलं, हे जेवताना जाहीर झालं आणि जावयाने उचललेला घास परत ताटात ठेवला.

"आता एकच राहिलं," सासरे म्हणाले. "त्यामागे कोण आहे कळत नाही. मोठा कोणीतरी असणार."

"असेल कोणीतरी, सर," जावई म्हणाला.

लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तो त्यांना सरच म्हणे. कॉलेजात ते त्याला गणित शिकवायचे. व्हरांड्यात त्यांचे बूट वाजले की मागच्या बाकावरची मुलंही वही उघडत. घरी फारसं वेगळं नसावं. त्याची बायको अजूनही वडिलांसमोर खुर्चीत टेकून बसत नसे.

अर्धांगाच्या झटक्यानंतर लेकीकडे राहायला आलेल्या सरांच्या उजव्या हाताची बोटं रुसली होती. फिजिओथेरपिस्टने मोबाइलवर काहीतरी खेळत राहायला सांगितलं. जगात लाखो खेळ असताना सरांच्या मोबाइलवर नेमका हाच आला.

हा खेळ जावयाचा होता. म्हणजे मूळचा नव्हे. मूळचा कॉम्प्युटरवरचा, जुना, गाजलेला, बंदुकीने दिसेल त्याला मारत सुटायचा. वसतिगृहात असताना त्याने त्यात पदरचे बदल केले. भिंतींना कॉलेजचा पिवळा रंग दिला आणि शेवटच्या दारामागच्या छताएवढ्या राक्षसाला सरांचा चेहरा. वार्षिकांकातला, कपाळावरच्या आठ्यांसकट. मरताना राक्षस "पुढच्या वर्षी या" म्हणायचा. सीडी हातोहात फिरली. अख्ख्या वसतिगृहाने सरांना मारलं. परीक्षा जवळ आली की जरा जास्तच.

यंदा, पंपांच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून, कुणी मागितलेला नसताना आणि कुणाचीही परवानगी नसताना, त्याने तो खेळ मोबाइलवर उतरवला. पंचेचाळिशीतल्या अंगठ्यांना जमावं म्हणून बटणं मोठी केली आणि असला माल फुकट वाटणाऱ्या एका साइटवर सोडून दिला. पूर्वी सुरुवातीलाच झळकणारं स्वतःचं नाव तेवढं शहाणपणाने काढलं. चेहरा राहू दिला.

"त्या फिजिओला हा खेळ सापडला कुठे?" त्याने बायकोला सहज विचारल्यासारखं विचारलं.

ती ताटं उचलत होती. "बटणं मोठी आहेत. बाबांना जमतं," एवढंच म्हणाली.

सर संध्याकाळी खिडकीशी बसून खेळत. चष्मा पुसत, थरथरता अंगठा नेमक्या जागी नेत, आणि एखादा किरकोळ राक्षस पडला की चोरून इकडेतिकडे बघत, कुणी पाहिलं का म्हणून. ते पाहिलं की जावई खोलीतून बाहेर पडे. याच माणसाने 'मुलगा सालस आहे' एवढं म्हणून त्याला मुलगी दिली होती. तो सालस शब्द हल्ली त्याला शर्टात गेलेल्या केसासारखा टोचत होता.

रविवारी तो कामाला बसला. राक्षसाला कुणाचा तरी चेहरा द्यायलाच हवा होता. त्याने स्वतःचा दिला. आपल्याला परवडेल अशी हीच एक शिक्षा त्याला सुचली. आवाजाच्या जागी कारखान्यातल्या बिघडलेल्या पंपाची घरघर बसवली. सर आंघोळीला गेले तेव्हा नवा खेळ त्यांच्या मोबाइलवर चढवला. हे बनवणाऱ्यावर तुमचा विश्वास आहे का, असं मोबाइलने विचारलं. तो जरा थांबला, मग 'हो' दाबलं.

संध्याकाळी खोलीतून हाक आली. नवरा-बायको दोघंही धावली.

"जावईबापू, हा अगदी तुमच्यासारखा दिसतो हो," सर म्हणाले.

ते हसत होते. रुसलेलं बोट बटणावर टकाटक चाललं होतं. राक्षस घरघरला आणि कोसळला. सरांनी लगेच तेच दार पुन्हा उघडलं.

बायको वाकून पडद्याकडे बघत होती. बराच वेळ बघत राहिली.

"तिथे खांबासारखी काय उभी राहिलीस?" सर मान वर न करता तिला म्हणाले. "चहा टाक. आणि एकदा तरी धड कर."

"हो बाबा."

जावई तिच्यामागून स्वयंपाकघरात गेला. छातीवरचं ओझं उतरलं होतं, त्या भरात त्याने सगळं सांगून टाकलं: कॉलेज, सीडी, सरांचा चेहरा, आजची अदलाबदल. वाटल्यास चार दिवस बोलू नकोस, असंही सुचवून पाहिलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "बाहेरगावच्या आमच्या वसतिगृहातही आली होती ती सीडी. तुझं नाव मी पहिल्यांदा तिथेच वाचलं."

खोलीत पंप पुन्हा घरघरला आणि सरांचं हसू ऐकू आलं.

"फिजिओने नुसतं खेळा म्हटलं होतं," चहात साखर घालत ती म्हणाली. "हा खेळ मी टाकला होता. एकदा तरी त्यांनी स्वतःला समोरून बघावं म्हणून."