बॅटरीची नोंद
"धाकट्याने बसवलेली नवी बॅटरी त्याच्याच निष्काळजीपणामुळे सहा महिन्यांत मेली, सबब त्याने गॅरेज सोडावे," असा निवाडा आमच्या वडिलांनी सहीशिक्क्यानिशी दिला. निवाडा सुबक होता. फक्त गाडीची साक्ष घ्यायची राहिली होती. ती मी, त्यांच्या लेकीने, स्कॅनर जोडून घेतली. बॅटरी बदलली की गाडीच्या संगणकाला तसे कळवावे लागते. नाहीतर तो नवीलाही जुनीच समजून जास्त चार्ज करतो आणि मारतो. संगणकात शेवटची नोंद सात वर्षांपूर्वीची होती. कामाच्या कागदावर मात्र "नोंदणी केली" या शब्दांपुढे थोरल्या भावाची सही होती. "दादा, 'तू जेवून घे, नोंदणी मी करतो' म्हणाला होतास ना?" धाकट्याने विचारले. गिऱ्हाईक हल्ली धाकट्यालाच शोधत येई. थोरला स्कॅनरकडे पाहत म्हणाला, "माणसं त्याचंच ऐकतात, गाड्यासुद्धा. म्हणून या गाडीला मी काही सांगितलंच नाही."