भिंती आणि दारं

टीव्हीचा आवाज नेणारी ऑप्टिकल वायर भाचीने ॲम्प्लिफायरच्या मागे खोचली. दिवा लागला, पण आवाज काही येईना.

"मी म्हटलं नव्हतं, हे चालायचं नाही?" मावशीचा मुलगा दारातून म्हणाला. आईची बॅग त्याने केव्हाच गाडीत नेऊन ठेवली होती. नजर गेल्यापासून आई दोनदा पडली होती. आता तिने आपल्याकडे राहावं, असा त्याचा हट्ट. आईचा हट्ट त्याहून चिवट. घर सोडणार नाही.

"दादा, जरा दम धर," भाची म्हणाली. नाटकाच्या थिएटरात ती आवाजाचं काम बघायची; ऐन वेळी मुकी होणारी यंत्रं तिला नवी नव्हती. टीव्ही सिनेमागृहाच्या थाटात आवाज पाठवत होता आणि ॲम्प्लिफायरला तो उमगत नव्हता. तिने टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन साधा स्टिरिओ निवडला. हॉलमधला स्पीकर लगेच बोलू लागला.

"मावशी, सांग. कुठल्या खोलीत काय?"

"इथे टीव्ही राहू दे. स्वयंपाकघरात गाणी. निजायच्या खोलीत बासरी." मावशीने क्षणभर विचार केला. "आणि बातम्या बाथरूममध्ये लाव. ऐकल्या की लगेच हात धुता येतात."

मुलाला हसू आलं. त्याने ते खोकल्यात घालवलं.

भाचीने गाण्यांचा प्लेअर जोडला, बासरीसाठी जुना फोन, बातम्यांसाठी इंटरनेट रेडिओ. मग ज्या खोलीचा आवाज त्या खोलीतल्या स्पीकरवर धाडला आणि सगळे आवाज हळू केले. शेजारच्या खोलीत जेमतेम पोचतील, इतकेच.

"आई, गाणी लावून भिंती दिसत नाहीत," मुलगा म्हणाला.

"भिंती जन्मभर पाहिल्या. आता मला दारं सापडली की झालं."

ती उठली. मुलगा हात द्यायला पुढे झाला; भाचीने त्याची बाही धरली. मावशीने हॉलच्या मध्यावर थांबून मान किंचित वळवली आणि बासरीच्या दिशेने निघाली. निजायच्या खोलीत जाऊन शाल घेऊन आली. बाथरूमच्या दाराशी घटकाभर रेंगाळली. "तेच रडगाणं," असं म्हणून पुढे गेली. एकदा कोपराला कपाट लागलं. तिने कोपर चोळलं, कपाटाला दोन शब्द सुनावले आणि पुन्हा चालू लागली.

मुलाला राहवलं नाही. तो बाही सोडवून, पाय न वाजवता तिच्या पुढे गेला आणि स्वयंपाकघराच्या दारात दोन्ही हात पसरून उभा राहिला. पडलीच तर झेलायला. श्वासही रोखून धरला.

मावशी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. तिने कान दिला.

"दारातून सरक रे," ती म्हणाली. "गाणं अडवतोयस."