सर्वांत तत्पर अधिकारी

संगणकप्रणालीमुळे ऑफिसचा कारभार कसा सुधारला, यावर तिची पीएचडी होती. तीन वर्षांच्या नोंदींत मोठ्या साहेबांच्या तोडीचं कुणीच नव्हतं. एक रजा नाही, एक फाइल तुंबलेली नाही. प्रबंध देण्याआधी त्यांना एकदा भेटावं, म्हणून ती मुद्दाम आली.

"साहेब?" हेडक्लार्क बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "ते वारले त्याला दोन वर्षं झाली. पण त्यांच्या पासवर्डशिवाय मंजुरीचं बटण चालत नाही. रोज मीच दाबते."

तिने पिशवीतून संशोधनाच्या परवानगीचं पत्र काढलं. तारीख गेल्या वर्षीची होती आणि खाली साहेबांचं नाव.

बाईंनी वाकून पाहिलं. "अगं, म्हणजे ती तू होय? तुझे विनवणीचे मेल वाचून मला राहवलं नाही."