दुसऱ्याची पेटी

"टाकाच्या निबा किती ठेवल्यास?" मिसेस बर्गनी दुकानाच्या काउंटरवरून विचारलं.

"तीन. दोन बारीक, एक जाड," मागच्या खोलीतून सिग्ने म्हणाली.

"आणि शाई? हात आखडू नकोस हं. टोइवो शाई पीत नाही, कॉफी पितो."

सिग्ने हसली. ते हसू तिचं तिलाच खोटं वाटलं.

ग्रॅनाइट कोव्ह गावात मिसेस बर्ग भरवत त्या चित्रस्पर्धेचा हा जुना नियम. शेवटच्या फेरीत दोघंच उरतात, यंदा सिग्ने आणि टोइवो, आणि प्रत्येकाने समोरच्याची पेटी भरायची. काही मागायचं नाही, सुचवायचंही नाही. म्हणजे सामानाची चलाखी चालत नाही. जिंकतो तो हात.

पेटीत सगळं उत्तम होतं. पाण्याने न फुटणारी काळी शाई, तेलरंगांच्या पाच छोट्या ट्यूबा, जवसाचं तेल, टर्पेंटाइन, कापूस, चिंध्या. राहिला कागद. त्यावर पातळ जिलेटिनचा एक हात दिला की शाईच्या रेखाटनावर तेलरंग अलगद बसतो. नाही दिला, तर शाईचं काही बिघडत नाही, पण तेल कागदात मुरतं आणि रेघा ओलांडून पसरत सुटतं. बघणाऱ्याला दोन्ही कागद सारखेच.

जिलेटिन कोमट होतं. ब्रश तिच्या हातात होता.

जिंकणाऱ्याला वर्षभर सरोवराकाठच्या बोटघराच्या माडीवरची खोली मिळणार होती. मोठ्या खिडक्या, उत्तरेचा उजेड, आणि दाराला चक्क कडी! सिग्ने घरी वॉशिंग मशीनवर कागद ठेवून चित्रं काढायची. मशीन कपडे पिळायला लागलं की रेघ थरथरायची. टोइवो लाम्पीची रेघ मात्र सत्तरीतही थरथरत नव्हती. चाळीस वर्षं मालवाहू बोटीवर आचारी होता तो. हलत्या जमिनीवर कांदा चिरलेला माणूस!

तिने ब्रश कागदाला न लावताच धुऊन टाकला. कागद तसाच पेटीत ठेवला आणि झाकण लावलं.

शनिवारी दुपारी बोटघरात गर्दी जमली. वेळ दोन तास.

"काय गं पोरी, चेहरा असा का?" पेटी हातात घेत टोइवो म्हणाला. "मेलेला मासा भरलायस की काय आत?"

"वास आला की कळेलच," सिग्ने म्हणाली. सगळे हसले.

घंटा झाली. तिने त्याने भरलेली पेटी उघडली. निबांवरचं कारखान्याचं तेलसुद्धा त्याने पुसून ठेवलं होतं. तासाभराने तिने रेखाटनावर पहिला रंग लावला, आणि तो जागच्या जागी असा बसला, की तिला कळलं. म्हाताऱ्याने कागदाला एक सोडून दोन हात दिले होते.

तिने हळूच शेजारी पाहिलं. टोइवोच्या काळ्या स्प्रूस झाडांभोवती हिरवा डाग पसरत चालला होता.

तोंड उघडलं की खोली गेली. पण डाग वाढतच होता. शेवटी ती उठलीच.

"मिस्टर लाम्पी, तुमचा कागद—"

"आपल्या कागदात बघ," तो मान वर न करता म्हणाला.

"सिग्ने, बस खाली!" मिसेस बर्ग ओरडल्या. "बोलायचं नाही!"

ती बसली. टोइवोने कागद पालथा घातला. मागच्या बाजूला रंग फासले, मग चिंधी जवसाच्या तेलात बुडवून सगळा कागद चोळून काढला.

"डोकं फिरलं म्हाताऱ्याचं," मागे कोणीतरी पुटपुटलं.

घंटा झाली. टोइवोने दोन कोपरे धरून कागद उचलला आणि खिडकीच्या काचेला लावला. तेल प्यालेल्या कागदातून सरोवराचा उजेड आरपार आला. काळ्याभोर झाडांमागे अख्खी पहाट उजळली.

मग टाळ्या थांबेनात.

खोलीची किल्ली मिसेस बर्गनी टोइवोला दिली. गर्दी पांगल्यावर सिग्ने त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मी तो कागद मुद्दाम—"

"शू!" तो तिच्या कानाशी वाकला. "हे चित्र डोक्यात घेऊन तीन वर्षं येतोय मी इथे. दोनदा हरलो. समोरचे दोघंही प्रामाणिक निघाले मेले."