दुसरं वाचन

टेलरबाई स्टेजवर वाचत होत्या आणि दिग्दर्शक खाली बसून वहीत कोट मोजत होता. चार साधे, एक पोलिसाचा, दोन फाटके. कोट अजून शिवायचेच होते. ते शिवणार होत्या याच बाई, दरवर्षीप्रमाणे.

दिग्दर्शक म्हणजे कोपऱ्यावरचा औषधवाला. त्याचं दुकान रविवारी दुपारी बंद असतं, म्हणून हौशी नाटक मंडळाची निवड रविवारी दुपारी, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. माणूस वाईट नाही. नाटकापायी जेवणखाण विसरतो. फक्त कुणाला काय येतं हे त्याने एकदा ठरवलं की ठरवलं.

उतारा छोटासाच होता. बारा वर्षं वडिलांना सांभाळून थकलेली बहीण भावाच्या दारात येते आणि सांगते, आता तू बघ. भावाची वाक्यं वाचायला सलूनवाला उभा होता. तो मंडळाचा जुना नट. दुपारपासून नऊ बहिणी त्याच्या दारात येऊन गेल्या होत्या आणि आता त्याला सरळसरळ जांभया येत होत्या.

टेलरबाईंनी सुरुवातीला घाईच केली. मग "बाबा खाली टॅक्सीत बसलेत" हे वाक्य आलं आणि त्या थांबल्या. हातातला कागद आपोआप खाली गेला. पुढचं त्यांनी सलूनवाल्याकडे बघून म्हटलं, भाजी महाग झाली म्हणावं इतक्या साध्या आवाजात. "जिना चढताना त्यांना डावा हात द्यायचा. उजवा दिलास तर रागावतात."

यावर सलूनवाल्याचं वाक्य होतं. ते त्याला सापडेना. त्याच्या अंगावर काटा आला होता, आणि नऊ बहिणी पचवून झाल्यावर आपल्याला हे काय झालं, ते त्याला कळेना.

"छान," खालून औषधवाला म्हणाला. "या खाली, वहिनी."

बाई उतरल्या. औषधवाल्याने त्यांचा अर्ज पुढे सरकवला आणि तळाशी बोट ठेवलं. तिथे विचारलेलं असतं, भूमिका न मिळाल्यास दुसरं कोणतं काम कराल? लोक तिथे तिकीटविक्री, चहापाणी असं काहीबाही लिहितात आणि मग प्रयोगापर्यंत तोंड दाखवत नाहीत. टेलरबाईंनी अकरा वर्षं 'कपडे शिवीन' असं लिहिलं होतं आणि अकरा वर्षं शिवले होते.

"हा एक रकाना राहिला."

"राहिला नाही. ठेवलाय."

औषधवाला हसला. बाई हसत नाहीत हे पाहून थांबला. मग त्याने समजूत घालायला घेतली. सतरा माणसांचं नाटक, बाहेरचा शिंपी वेळेवर देईल याचा काय भरवसा, आणि वहिनी, तुमच्यासारखा हात आहे तरी कुणाला. लोणी लावणं त्याला बऱ्यापैकी जमतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. आज घरून निघताना सासूबाईंनी टेप घेतली का म्हणून विचारलं, तेव्हा यंदा टेप लागणार नाही असं सांगून त्या आल्या होत्या.

"कपड्यांचं तुमचं तुम्ही बघा," त्या म्हणाल्या. "माझं वाचन कसं झालं तेवढं सांगा."

"छान म्हणालो की."

"अकरा वर्षं छानच म्हणताय. भाऊजी, शेवटी मी काय म्हटलं?"

औषधवाल्याने वही जवळ ओढली. वहीत पाहिलं. वहीत कोट होते. काहीतरी ठोकून देता आलं असतं, पण वरून सलूनवाला बघत होता.

"खरं सांगू? लक्षच नव्हतं माझं. कोट होते डोक्यात."

आता बाई चिडणार असं त्याला वाटलं. बाई चिडल्या नाहीत. त्यांचा चेहरा उलट मोकळा झाला. आपल्याला अभिनय येत नाही, असं त्या अकरा वर्षं धरून चालल्या होत्या. आपलं कुणी ऐकलंच नसेल, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"मग परत वाचते," त्या म्हणाल्या.

औषधवाल्याने वही मिटून बाजूला ठेवली आणि पुढच्या रांगेत येऊन बसला. त्याला खरोखरच लाज वाटली होती, आणि या वेळी तो जीव लावून ऐकणार होता.

बाईंनी आता घाई केली नाही. टॅक्सीच्या वाक्यानंतर त्या थांबल्या, कारण मघाशी तिथेच थांबल्या होत्या. कागद खाली घेतला. डाव्या हाताचं वाक्य सलूनवाल्याकडे बघूनच म्हटलं, पण जरा मोठ्याने, पुढच्या रांगेला पोचेल असं. डोळ्यांत पाणीही आणलं. मघाशी ते नव्हतं. सलूनवाल्याला आपलं वाक्य लगेच सापडलं.

उतारा संपला. बाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि कोपऱ्यातल्या पिंपापाशी जाऊन पाणी पीत उभ्या राहिल्या, भिंतीकडे तोंड करून.

औषधवाला स्टेजपाशी आला. त्याने शब्दन् शब्द ऐकला होता. वाचन बरं झालं, असं तो हलक्या आवाजात सलूनवाल्याला म्हणाला, पण बाकीच्या नऊ जणींसारखंच, त्यात शाळेतल्या बाई जरा सरस वाटल्या. सलूनवाला म्हणाला की पहिल्यांदा वाचलं तेव्हा असं नव्हतं, पहिल्यांदा काहीतरी झालं होतं.

"काय झालं होतं?"

सलूनवाल्याने सांगायला हात उचलला, मग खाली घेतला.

"ते मी कसं सांगणार?" तो म्हणाला. "तुम्ही इथंच होतात की."