तपासणीची बाटली

इस्पितळात हवालदार नमुन्याची बाटली सील करायला लाख आणायला गेला, तशी श्रीपादरावांनी कठड्यावरची बाटली उचलली आणि शौचालयात शिरून आतून कडी लावली. मुलाची लघवी ओतून दिली, बाटली स्वतः भरली आणि होती तिथे नेऊन ठेवली. जन्मात कधी बिनतिकीट बसमध्ये न चढलेला माणूस. पण पोटच्या पोरावर वेळ आली की कसले नियम आणि कसलं काय.

कोलशेतच्या एका फ्लॅटवर वाढदिवसाच्या पार्टीत गांजा सापडला होता. पोलिसांनी सगळी पोरं उचलली, त्यात अद्वयही. "बाबा, मी हातसुद्धा लावला नाही. केक खाऊन बसलेलो नुसता," तो परोपरीने सांगत होता. श्रीपादरावांनी मान डोलावली, पण मनात पाल चुकचुकलीच. अद्वय लवकरच सरकारी बँकेत रुजू व्हायचा होता. तपासणीत काही निघालं असतं, तर सगळंच मुसळ केरात.

अहवाल आला. अद्वयच्या लघवीत गांजाचे अंश. बँकेने नेमणूक रोखली, आणि डोंबिवलीतल्या त्यांच्या सोसायटीत लोक लिफ्टमध्ये नजर चुकवू लागले. श्रीपादरावांना काही कळेना. आपण तर साधी सुपारीही खात नाही.

ठाण्याला वकील आसावरी मॅडमच्या ऑफिसात तिघे बसले होते. फेरतपासणीला नमुना उरलेलाच नव्हता.

"भांग आणि गांजा एकाच झाडाचे," मॅडम म्हणाल्या. "घरात कोणी वैद्याचं औषध घेतं का?"

"ह्यांच्या झोपेच्या गोळ्यांत असते भांग," अद्वयची आई उत्तराबाई पटकन बोलून गेल्या. "कळलं असतं तर घेतल्या नसत्या, म्हणून ह्यांना सांगितलं नाही. पण त्या अद्वय कशाला खाईल?"



"बाटली मी बदललेली," श्रीपादराव कसेबसे म्हणाले. "त्यात माझी लघवी होती."

अद्वय त्यांच्याकडे बघत राहिला. "म्हणजे तुम्हालाही वाटलं, मी ओढलाय."

श्रीपादरावांना त्याच्याकडे बघवेना. ते मॅडमकडे वळले. "मी लिहून देतो. मला आत टाका, पण ह्याला सोडवा."

मॅडमनी फाईल मिटली. त्यांचा आवाज मायेचाच होता.

"काका, या खुर्चीत बसलेला प्रत्येक बाप मला हेच सांगतो."